कॉलनीतली जपानी चेरी आणि माझा डावा पाय

लातूर,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप राघवेंद्रदादांना धाकट्या इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हा लिहिण्यापुरताच धरावा. डावा पाय सुजून उशीवर ठेवलेला आहे, त्यामुळे तूर्त सात अंगांनी नमस्कार केला आहे. आठवं अंग बरं झालं की उरलेला पाठवते.)

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर फक्त तुम्हालाच लिहिता येईल अशी सोय तुम्ही दिवाळीपासून करून ठेवली आहे. आम्ही सगळे रोज सकाळी तिथे तुमचा सुविचार वाचतो आणि मुकाट्याने अंगठा वर करतो. तेव्हा पोस्टकार्डाच्या काळातली रीत बरी वाटली. पत्राचं एक असतं, वाचणाऱ्याला मध्येच "ते राहू दे, मी काय सांगतो ते ऐक" म्हणता येत नाही. कुरिअरवाला उद्या नांदेडला पोचतं म्हणाला. म्हणजे रविवारच्या आत तुमच्या हातात पडेल आणि चष्मा सापडला तर वाचूनही होईल.

तुमची प्रकृती कशी आहे? बीपीची गोळी सकाळची सकाळीच घेता ना, की वर्तमानपत्र संपल्यावर? वहिनी शिरूर अनंतपाळला भावाकडे गेल्यापासून तुम्ही डबा लावला आहे असं कळलं. डब्यातल्या भाज्यांत सोडा घालतात दादा, त्याने पोट तर बिघडतंच, माणसाचा स्वभावही बिघडतो असं माझं मत होत चाललं आहे. सोमवारचा तुमचा फोन ऐकल्यावर तर ते पक्कंच झालं.

फोनमधला हुकूम मला नीट कळला. रविवारी सकाळी तुम्ही गाडी घेऊन येणार. मी चार पातळं आणि औषधं पिशवीत भरून तयार राहायचं. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली तुमच्या हवाली करायची. तुमच्या माडीवरची खोली रंगवून झालेली आहे, खिडकीला जाळी बसवलेली आहे, आणि तिथून मला आता कुठे जायची गरज पडणार नाही. (हे शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात, मायेनेच म्हणालात, तरी मी ते मोजलं.) कारण काय, तर तुमचे वर्गमित्र आनंदराज यांनी तुम्हाला कळवलं की इंदूचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, ती बागेत झाडाखाली तासन् तास बसते, बायका गोळा करून डोंगर चढते आणि परवा पडली. यातलं बसते हे खरं, चढते हे खरं, पडली हेही खरं. फक्त डोक्याचं खोटं आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते, आणि लिहून झाल्यावर मी येणार नाही असंही लिहिणार आहे, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तुमचे आनंदराज आमच्या कॉलनीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. (त्यांनी स्वतःसाठी एक भोंगा घेतला आहे. दूधवाल्याशीही त्यावरून बोलतात.) चार वर्षांपूर्वी ते देवदर्शनाला गेले असताना वाटेत कुठल्याशा रोपवाटिकेतून त्यांनी काही काड्या आणल्या. काड्याच त्या, मुळं नाहीत, पानं नाहीत. विकणाऱ्याने सांगितलं होतं की हे जपानचं झाड आहे आणि याला पाणी लागत नाही. लातूरच्या माणसाला यापुढे आणखी काही सांगावं लागत नाही. बागेच्या कुंपणाने त्या काड्या रोवल्या, त्या खरंच बिनपाण्याच्या वाढल्या, आणि यंदा संक्रांतीनंतर झाडांची झाडून सगळी पानं गळाली. आनंदराजांना वाटलं, झाडं मेली. तोडायला माणूससुद्धा सांगून ठेवला. तो माणूस आपल्याकडच्या माणसांप्रमाणे सांगितलेल्या दिवशी आला नाही, आणि तेवढ्यात एका सकाळी उघड्या फांद्यांवर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुलाबी फुलं आली. पान एक नाही, नुसती फुलं. मी दूध आणायला निघाले होते ती पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले, आणि दूध न आणता परत आले.

मग काय विचारता. दोन दिवसांत पाटी लागली, "जपानी चेरी ब्लॉसम. फुलांना हात लावू नये." फीत कापली, नारळ फुटला, पेपरात फोटो आला. औशाहून, निलंग्याहून माणसं गाड्या करून यायला लागली. बागेच्या फाटकावर भेळवाला आला, फुगेवाला आला. लग्न ठरलेली एक जोडी तर तुमच्या नांदेडहून आली होती. ती कागदाची छत्री धरून झाडाखाली उभी आणि फोटोवाला वरून फांदी हलवून फुलं पाडतोय. (हात लावू नये ही पाटी त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे होती.) शेजारच्या नीलाबाई मला रोज विचारायच्या की हे शुगरला चालतं का. त्यांना कुठलंही झाड दाखवा, त्या आधी शुगर विचारतात, मग गुडघे. मी म्हटलं, नुसतं बघायचं. त्यांना ते पटलं नाही, पण जपानचं आहे म्हणून गप्प बसल्या.

मग एका रविवारी सत्काराचा कार्यक्रम ठेवला. झाडं आणणाऱ्या आनंदराजांचा सत्कार, मंडळाच्या वतीने, म्हणजे आनंदराजांच्याच वतीने. मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका म्हणून मला व्यासपीठावर बसवलं आणि दोन शब्द बोला म्हणून माइक दिला. दादा, मी शपथेवर सांगते, मला कुणाचा पाणउतारा करायचा नव्हता. पण आयुष्यभर ज्या पोरांना मी म्हटलं की चुकीचं उत्तर लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडा, त्यातली चार-पाच आता बाप होऊन समोर बसली होती. तेव्हा मी दोनच शब्द बोलले, "गिरीपुष्प आहे." आणि खाली बसायला लागले. पण लोक पुढचं ऐकायला थांबलेले दिसले, म्हणून पुन्हा उठून सांगितलं की हे जपानचं नाही, शेताच्या बांधावर खतासाठी लावतात तेच, याला उंदीरमारीही म्हणतात. मागून एक फेटेवाले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "मंजी आमच्या धुऱ्यावरलं? आमच्याकडं ढीगभर हाय की हे." एवढ्यावर कार्यक्रम संपला. आनंदराजांना घातलेला हार त्यांनी काढून खुर्चीवर ठेवला आणि ते भोंगा न घेताच घरी गेले. यावरून त्यांना किती लागलं असेल याची कल्पना तुम्हाला येईल. तुम्हाला फोन करणारा माणूस हा असा आहे, एवढंच मला या परिच्छेदात सांगायचं होतं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. सकाळी गेले तर पाटी काढलेली, भेळवाला गेलेला, आणि बागेत चिटपाखरू नाही. झाडं तीच. फुलं उलट कालच्यापेक्षा जास्त उमललेली, मधमाश्या गुणगुणतायत, खाली सडा पडलेला. काल याच फुलांसाठी लोकांनी नवीन कपडे घातले होते. नाव गेलं तर डोळे पण गेले का यांचे? मला इतका संताप आला की काय सांगू. नीलाबाईंना हाक मारली तर त्या गॅलरीतूनच म्हणाल्या, "उंदीरमारीचं काय बघायचं ताई, ते तर धुऱ्यावर असतंय." जणू धुऱ्यावरच्या वस्तूला दिसायचा हक्कच नाही. मी त्यांना म्हटलं, मग मी बघते, तुमच्या वाटचंही बघते. आणि त्या दिवसापासून सकाळी थर्मास घेऊन मी त्या झाडाखालच्या बाकावर बसायला लागले.

आता यात वेडेपण कुठे आहे ते मला दाखवून द्या. पण आपल्या गावात बाईमाणसाने बसायचं तर कारण लागतं. भाजी निवडत बसा, पोथी वाचत बसा, कुणाची वाट बघत बसा, कोणी काही म्हणत नाही. नुसतं बसलात की संशय. रखवालदार दोन दिवस माझ्याभोवती झाडलोट करत राहिला आणि तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाला, "ताई, कुणाची वाट बघून राहिल्या?" मी म्हटलं, कुणाची नाही, फुलं बघते. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी बरी नसावी अशा समजुतीने मला पाणी आणून दिलं. क्लासच्या पोरी येऊन त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला परीक्षेचं पाठ करत बसतात. एकीला मी वर बोट दाखवून विचारलं, हे काय. तिने मान वर न करता कुळ सांगितलं, पाकळ्यांची मांडणी सांगितली, परागकोश किती तेही सांगितलं. सगळं बरोबर. मग उठून गेली. तिला काय बोलणार, मीही सगळी नोकरी फूल ब्लेडने उभं कापून वर्गात फिरवण्यातच काढली. अख्खं फूल झाडावर बसून राहू द्यायला मला आता कुठे सवड मिळाली आहे, आणि नेमकी आताच तुम्ही खोली रंगवता.

नीलाबाई आठवड्याने खाली आल्या. (कंटाळून आल्या. गॅलरीतून माझ्यावर लक्ष ठेवून ठेवून त्यांची मान धरली होती.) त्यांच्यामागे शरणम्मा आल्या, त्या निलंग्याकडच्या, कोपऱ्यावरच्या घरातल्या. मग आणखी काही जणी. एक दिवस नीलाबाईच म्हणाल्या की आमच्या चुलतभावाच्या, ग्यानोबाच्या शेताला बेटाच्या, म्हणजे तिथल्या टेकडीच्या, पायथ्याशी सगळा धुराच या झाडांचा आहे, तिथून टेकडीवर वाटेच्या दोन्ही बाजूंनी हीच झाडं, बागेतली ही पाच-सात त्याच्यापुढे काहीच नाहीत. हे ऐकून मी तिथल्या तिथे शनिवार ठरवला. नीलाबाईंनी भावाला फोन केला की कॉलनीतल्या बाया तुझ्या धुऱ्यावरची फुलं बघायला येतायत. त्याने म्हणे दोनदा विचारून घेतलं, काय बघायला? मग म्हणाला, या. आलेलं माणूस आपल्याकडे कधी कुणी नको म्हटलंय?

शनिवारी स्टँडवर पोचले तर शरणम्मांनी गाठोडी आणून ठेवलेली. मी म्हटलं होतं, आपापला डबा आणा. पण शरणम्मांच्या हिशेबी गाव सोडून झाडाखाली जेवायचं म्हणजे येळवस. वेळ अमावस्येला सगळं लातूर ओस पडतं आणि माणसं शेतात जाऊन कडब्याच्या कोपीत बसून जेवतात, ते काही तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण ती अमावस्या होऊन दोन महिने झाले आणि ओली तूर, ओला हरभरा आता कुठला. तरी शरणम्मांनी सुक्या डाळी भिजवून भज्जी केली होती, बाजरीचे उंडे केले होते, आणि आंबिलीचं मडकं कापडाने तोंड बांधून मांडीवर घेतलं होतं. शिरूर अनंतपाळच्या गाडीत चढताना कंडक्टरने ते मडकं पाहिलं आणि येळवस सरली की ताई म्हणाला. शरणम्मांनी त्याला कानडीत काही ऐकवलं. त्यानंतर त्याने त्यांच्या मडक्यालासुद्धा जागा करून दिली.

फाट्यावर उतरलो, चालत शेताशी आलो, आणि दादा, बघते तो काय. धुरा साफ. अख्ख्या बांधावरची झाडं ग्यानोबांनी माणूसभर उंचीवर तासून ठेवली होती. नुसते खुंट, शाळेतल्या कवायतीसारखे ओळीने उभे. खालचा फुलांचा सडा झाडून, पाणी शिंपडून, रांगोळी घातलेली. ग्यानोबा धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून हात जोडून उभे होते. तोंडावर आनंद मावत नव्हता. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "ताई, लातूरच्या मॅडम लोकं येनार म्हून दोन दिस लागून समदं साफ केलं. लई घाण झालती फुलायची. तुमाला बसाया जागा पायजे का न्हाई?"

त्यांचं काय चुकलं सांगा. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी अंगण झाडायचं. फुलं बघायला येतायत हे नीलाबाईंनी त्यांना नीट सांगितलं होतं आणि त्यांनी नीट ऐकलंही होतं. पण एवढं भाडं भरून माणसं उंदीरमारी बघायला येणार नाहीत, तेव्हा हे बोलण्यापुरतं असेल, खरं म्हणजे जेवायला येत असतील, असा त्यांनी अर्थ लावला. नीलाबाईंना मात्र हसू फुटलं ते थांबेना. मला रडू येत होतं. मी रागाने त्यांना काहीतरी बोलणार, तेवढ्यात ग्यानोबा म्हणाले की उन्हाचं उभं कशाला राहता, कोपीत चला. आणि बांधाच्या टोकाला घेऊन गेले.

तोडलेल्या फांद्यांचं त्यांनी काय केलं होतं म्हणून सांगू. येळवशीला करतात तशी कोप केली होती. बायाबापड्या जेवायला बसणार, सावली तर पाहिजे. कडबा सगळा गंजीला रचलेला, मग तोडलेलंच हाताशी होतं म्हणून त्या फुललेल्या फांद्याच चारी बाजूंनी उभ्या करून वर बांधून टाकल्या. आम्ही वाकून आत गेलो. आत, दादा, चारी बाजूंनी फुलं होती, डोक्यावर फुलं होती, आणि ऊन त्यांतून गाळून येत होतं म्हणून सगळ्यांचे चेहरे गुलाबी दिसत होते. शरणम्मांचे पांढरे केसही. वाऱ्याची झुळूक आली की फुलं गळायची, पदरात, भाकरीवर, आंबिलीच्या वाटीत. पहिल्यांदा आम्ही ती वेचून बाजूला टाकत होतो, (उंदीर मारणारं झाड, खबरदारी घेतलेली बरी), मग हसत हसत तेही सोडून दिलं. जेवणं झाल्यावर कुणी भांडी घासायला उठलं नाही. कुणी कुणाच्या सुनेविषयी काही काढलं नाही. आठ बायका एका जागी गप्प बसलेल्या मी परीक्षेच्या हॉलबाहेर पहिल्यांदाच पाहिल्या. मला इतकं बरं वाटलं की ग्यानोबांवरचा माझा राग कुठल्या कुठे गेला. बांधावरची फुलं आम्ही बांधावर उभं राहून बघितली असती, तेवढंच झालं असतं. त्यांच्यात बसून जेवता आलं नसतं.

पडण्याचं आता सांगते. हे झाड शेळ्यांना फार आवडतं. हे मी वर्गात शिकवलेलं आहे, पण कोपीत बसल्यावर ते लक्षात राहत नाही. कुणाच्या तरी शेळ्या टेकडीवरून उतरल्या आणि त्यांनी बाहेरून कोप खायला सुरुवात केली. आधी आम्हाला वाटलं, वारा सुटला. मग शरणम्मांच्या पाठीमागची भिंत हलली आणि तिथून एक दाढी आत आली. बाकीच्या ओरडत बाहेर पळाल्या. मी भज्जीचा डाव उचलला आणि शेळीमागे धावले. माझी कोप आणि ती कोण खाणारी. वाट चढणीची, शेळी मला वर वर नेत गेली, आणि मुरमावरून पाय घसरून मी बसल्या बसल्या निम्मी टेकडी उतरून आले. डाव हातातून सुटला नाही, हे आनंदराजांनी तुम्हाला सांगितलं नसेल. वय झालं म्हणून पडले असं तुम्ही म्हणालात. दादा, त्या शेळीमागे कॉलेजातली पोरगीही पडली असती. उलट मी तिच्यापर्यंत पोचले होते, तिची शेपटी माझ्या हाताला लागली होती.

टेकडीच्या वाटेवरची झाडं ग्यानोबांनी तोडलेली नव्हती. ती फुललेलीच होती, वर पार महादेवाच्या ओट्यापर्यंत. मला काही ती बघता आली नाहीत. आमच्यातली एकजण मात्र, मी खाली घोटा धरून बसले असताना, कुणाला न सांगता एकटी वर गेली आणि बऱ्याच वेळाने ओटी भरून फुलं घेऊन खाली आली. ती फुलं तिने सगळ्यांच्या केसांत खोचली. माझा पाय टेकेना म्हणून ग्यानोबांनी ट्रॅक्टर काढला, आणि संध्याकाळी कॉलनीच्या फाटकातून ट्रॅक्टरची ट्रॉली आत आली तेव्हा आनंदराज नेमके भोंग्यावरून पाणी सोडण्याची वेळ सांगत होते. ट्रॉलीतून आठ बायका उतरल्या, केसांत उंदीरमारीची फुलं, मधली हातात डाव घेऊन लंगडतेय. भोंगा चालूच राहिला पण त्यातून आवाज येईना. रात्रीच त्यांनी तुम्हाला फोन लावला असणार.

तर असं झालं. आता उत्तर. मी नांदेडला येणार नाही. तुमची खोली चांगली असेल, खिडकीतून गोदावरीचं वारं येत असेल, जाळीमुळे डास येत नसतील. पण मला त्या खोलीची भीती वाटते, दादा. लिहायला लाज वाटते पण खरं आहे. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले एकटी कशी राहशील, आणि मी राहिले. आधी रडत राहिले, मग सवयीने राहिले, आणि आता मला आवडायला लागलंय. सकाळी दार ओढून घ्यायचं आणि कुठे जाते ते कुणाला सांगायचं नाही, हे सुख मला साठी उलटल्यावर मिळालं आहे. तुमच्या माडीवर मला सगळं वेळेवर मिळेल, आणि मी म्हातारी होऊन जाईन. तेव्हा रविवारी कुलूप घेऊन येऊ नका. आलात तर मी बागेत असेन. पाय बाकावर ठेवून बसता येतं हे मी काल करून पाहिलं आहे. तिथे येऊन मला उचलून न्यायचं असेल तर कॉलनीदेखत न्यावं लागेल, आणि तुमचा स्वभाव बघता तुम्ही ते करणार नाही.

धाकटी म्हणून उद्धटपणाची माफी मागते. मत मात्र बदलत नाही.

तुमची,
इंदू

ता. क. पायाची काळजी करू नये. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांनी पट्टी बांधली आहे. त्यांनीही विचारलं की हे सांधेदुखीला चालतं का, फुलं हो.

ता. क. दुसरा. टेकडीवर एकटी गेलेली ती बाई म्हणजे आपल्या वहिनी. मी पत्रात सांगणार नव्हते, पण त्याच म्हणाल्या, लिहा. शिरूरला भावाकडे जाते म्हणून त्या निघाल्या हे खरंच आहे, लातूरच्या स्टँडवर आम्हाला येऊन मिळाल्या, शिरूरची गाडी तीच, फक्त आमच्याबरोबर फाट्यावर उतरल्या. तुमच्या माडीचा जिना त्यांना चढवत नाही, गुडघे दुखतात, म्हणून वरची खोली इतकी वर्षं रिकामी होती ना? त्या महादेवापर्यंत चढून गेल्या आणि तिथे बसून आल्या. शनिवारपासून त्या माझ्याकडेच आहेत आणि आत्ता स्वयंपाकघरात थालीपीठ लावतायत. त्यांनी असंही सांगायला सांगितलंय की तुम्ही मला नांदेडला न्यायचं ठरवलंत तर खुशाल न्या, लातूरचं घर बंद पडणार नाही. किल्ली त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आहे.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं म्हणजे यासाठीच आहे. रविवारी या. न्यायला नको, नुसते या. टेकडीवरची फुलं अजून आठ-दहा दिवस राहतील. माझा पाय असा, त्यामुळे मी काही येणार नाही, तुम्ही दोघंच जा. मी वहिनींना विचारलं की दादांना तुमच्याकडून काय लिहू. त्यांनी आधी तव्यावरचं थालीपीठ उलटलं. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत कुणाचं लग्न, न्हाईतर कुणाचा दहावा, हे सोडून आम्ही दोघं मिळून कुठं गेलो न्हाई. या म्हणावं. अन् येताना बरोबर कुणाला आणू नका म्हणावं."